काऊ हॉर्स निवडताना वंशावळ किती बघावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सासमधल्या वेदरफर्डच्या आसपास राहायला आल्यापासून डॅलस-फोर्ट वर्थची मराठी मंडळी मला घोड्यांबद्दल विचारत असतात. कुणाची मुलगी घोडेस्वारी शिकते आहे, कुणी चार एकर जागा घेऊन गुरं पाळली आहेत. फोनवर मी तीच तीच उत्तरं देत आलो. ती आता नीट लिहून काढतो आहे.

काऊ हॉर्स म्हणजे नेमका कोणता घोडा?

गुरांवर काम करणारा घोडा. कळपातून एखादं वासरू वेगळं काढायचं, पळणाऱ्या गायीला कुंपणापाशी वळवायचं, फास टाकल्यावर दोर ताणून उभं राहायचं, अशी त्याची कामं असतात. अमेरिकेत यासाठी बहुतेक वेळा क्वार्टर हॉर्स वापरतात. पाव मैलाच्या शर्यतीत तो इतर सगळ्यांना मागे टाकायचा, त्यावरून हे नाव पडलं. या जातीची नोंद ठेवणारी अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन 1940 मध्ये फोर्ट वर्थला स्थापन झाली. आजवर तिच्याकडे साठ लाखांहून अधिक घोड्यांची नोंद झाली आहे.

या कामातूनच खेळ निघाले. कटिंगमध्ये स्वाराला अडीच मिनिटं मिळतात. एकदा वासरू कळपाबाहेर काढलं की तो लगाम सैल सोडतो आणि पुढची अडवाअडवी घोडा स्वतःच्या बुद्धीने करतो. रेन्ड काऊ हॉर्स या प्रकारात कळपातलं काम, लगामाच्या इशाऱ्यावरच्या गिरक्या आणि घसरत थांबणं, शिवाय कुंपणालगत गायीचा पाठलाग, असं तिन्ही एकाच घोड्याला करावं लागतं. त्याची मुळं कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिशभाषक गुराख्यांच्या परंपरेत आहेत.

घोडा समोर उभा असताना त्याच्या आजोबांची चौकशी कशाला?

घोडा दहा वर्षांचा असेल आणि रोज गुरांमागे जात असेल, तर फारशी गरज नाही. पण दोन वर्षांच्या शिंगराच्या पाठीवर अजून नीट खोगीरही चढलेलं नसतं. त्याने गाय जवळून पाहिलेली नसते. तेव्हा बघण्यासारखं दोनच गोष्टींत असतं, त्याचं शरीर आणि त्याचे आईबाप.

मी माणदेशातला. आमच्याकडे खिल्लार खोंड घेताना ‘कुठल्या गाईचा?’ हा पहिला प्रश्न असायचा आणि दातांची पाळी त्यानंतर यायची. तोच खोंड चार वर्षं औताला चालला की त्याच्या आईचं नाव कुणी विचारत नसे, त्याला जुंपून बघत. घोड्यालाही मी हेच माप लावतो. जनावर जितकं कोवळं, तितकं कागदाला, म्हणजे वंशावळीच्या नोंदीला, वजन. वय आणि काम वाढत जातं तसं ते वजन कमी होतं. खाली मी जे जे सांगितलं आहे, ते हे माप धरूनच वाचा.

गुरांची जाण खरंच रक्तात उतरते का?

उतरते, आणि हे डोळ्यांनी दिसतं. चांगल्या रक्ताचं शिंगरू कुरणात पहिल्यांदा वासरासमोर येतं तेव्हा मान खाली घालतं, कान टवकारतं आणि वासरू जिकडे सरकेल तिकडे आपण होऊन सरकतं. कुणी शिकवलेलं नसतं. याला इथे ‘काऊ सेन्स’ म्हणतात. आपण गुरांची जाण म्हणू.

पण उतरते ती ओढ. शिस्त उतरत नाही. थांबणं, वळणं, स्वाराच्या पायाचा इशारा समजणं हे सगळं शिकवावं लागतं. वाईट हाताखाली उत्तम रक्ताचा घोडा दोन वर्षांत बिघडलेला मी पाहिला आहे. शिवाय सख्ख्या भावंडांनाही आईबापांकडून सारखाच वाटा मिळत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी निम्मी जनुकं येतात, पण कोणती निम्मी, ते दर वेळी वेगळं असतं.

कागदावर कोणती नावं शोधायची?

नावं पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट नीट समजली की बाकीची आपोआप जागेवर बसतात, म्हणून ती सविस्तर सांगतो.

डॉक बार हा नर 1956 साली जन्मला. त्याला शर्यतीसाठी पैदा केलं होतं, कारण त्याचा आजोबा थ्री बार्स हा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, होता. शर्यतीत मात्र डॉक बारने जन्मभरात 95 डॉलर मिळवले. पुढे देखणेपणाच्या स्पर्धांत त्याने नाव केलं. गुरांशी त्याचा संबंध असा नव्हताच. कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबाने त्याला विकत घेतलं आणि पोको टिव्हियो या घोड्याच्या मुली त्याच्याकडून फळवल्या. पोको टिव्हियो हा पोको ब्वेनोचा मुलगा आणि पोको ब्वेनो हा किंगचा. किंग जन्मला 1932 मध्ये. टेक्सासमधल्या गुरांच्या घोड्यांच्या कितीतरी वंशरेषा याच किंगपर्यंत जातात. आईकडून जुनं, कसलेलं गुरांचं रक्त आणि बापाकडून नवी चपळाई. हे मिश्रण इतकं जमलं की कटिंगचा चेहराच बदलला. डॉक बारची पिल्लं लहान चणीची, खाली वाकून, मांजरासारखी डावी-उजवी झेप घेणारी निघाली.

या गोष्टीतली पोको लेना मला सगळ्यात जवळची वाटते. ती पोको ब्वेनोची मुलगी, 1949 ची, आणि आपल्या काळातली अव्वल कटिंग घोडी. 1962 मध्ये तिच्या मालकाचा विमान अपघातात मृत्यू झाला. त्या गोंधळात ती काही दिवस ट्रेलरमध्येच अन्नपाण्यावाचून अडकून पडली. तिच्या खुरांना दाह झाला आणि ती कायमची अधू झाली. तशा अवस्थेत ती डॉक बारच्या मालकांकडे आली आणि तिने दोन शिंगरं दिली. पहिला डॉक ओलेना, दुसरा ड्राय डॉक. तीन वर्षांच्या घोड्यांसाठीची कटिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे फ्युचुरिटी. डॉक ओलेनाने ती 1970 मध्ये जिंकली आणि ड्राय डॉकने 1971 मध्ये. एका अधू घोडीच्या पोटची ही दोनच शिंगरं! डॉक ओलेनाचा मुलगा स्मार्ट लिटल लेना याने 1982 मध्ये तीच स्पर्धा जिंकली. त्या वेळी त्याच्यावर जो स्वार होता, त्याच्या वडिलांनी 1970 मध्ये डॉक ओलेनाला जिंकून दिलं होतं.

पुढे स्मार्ट लिटल लेनाच्या मुलीपासून हाय ब्राऊ कॅट झाला आणि त्याच्यापासून मेटॅलिक कॅट, 2008 चा फ्युचुरिटी विजेता. आज टेक्सासच्या कुठल्याही लिलावात कटिंगच्या घोड्याचा कागद उघडा, यातली दोन-तीन नावं सापडतीलच. किंग रँच या टेक्सासमधल्या गुरांच्या रँचचा पेप्पी सॅन बॅजर हाही असाच एक आधारस्तंभ आहे. 1977 ची फ्युचुरिटी त्याची.

किती पिढ्या मागे जायचं?

तीन. पाचव्या पिढीत 32 पूर्वज असतात आणि सरासरीने प्रत्येकाचा वाटा जेमतेम तीन टक्के पडतो. विकणारा ‘हा डॉक बारचा वंशज’ म्हणत असेल, तर डॉक बार कितव्या रकान्यात आहे ते आधी बघा.

बापाचं नाव महत्त्वाचं की आईचं?

जाहिरात बापाची असते, म्हणून सगळे बापाकडे बघतात. मी आईपासून सुरुवात करतो, आणि याला कारणं आहेत.

नामांकित नराला आयुष्यात शेकडो, कधी हजारांवर शिंगरं होतात. त्याच्याकडे येणाऱ्या घोड्याही निवडक असतात आणि शिंगरं महागड्या प्रशिक्षकांकडे जातात. इतक्यांतली वीस-पंचवीस चमकली तरी जाहिरातीचं पान भरून जातं. उरलेल्यांचं काय झालं, ते त्या पानावर नसतं. घोडीचं तसं नाही. नैसर्गिकरीत्या तिला वर्षाला एकच शिंगरू होतं. चार वेगवेगळ्या नरांपासून झालेली तिची चार शिंगरं असली आणि चारही गुरांवर चालली, तर तो गुण तिचाच. त्यात बापाच्या नावाची किंवा पैशाची मदत धरता येत नाही.

रॉयल ब्लू बून ही 1980 ची घोडी घ्या. ती डॉक बारची नात. तिच्या पिल्लांनी कटिंगमध्ये वीस लाख डॉलरांच्या वर कमाई केली. 1995 चा फ्युचुरिटी विजेता पेप्टोबूनस्मॉल तिच्याच पोटचा.

आणखी एक साधी गोष्ट आहे. शिंगरू पहिले चार-सहा महिने आईच्या मागे असतं. माणूस जवळ आला की पळायचं की उभं राहायचं, हे ते तिच्याकडे बघून शिकतं. म्हणून शक्य असेल तेव्हा मी आई कुठे आहे ते विचारतो आणि तिच्या ठाणापाशी जाऊन उभा राहतो. ती कान मागे पाडून दात दाखवत असेल, तर शिंगराकडे जरा अधिक बारकाईने बघतो.

लिलावाच्या पुस्तिकेत घोडीबद्दल बरंच छापलेलं असतं. त्यात काय बघायचं?

एकूण शिंगरं किती आणि त्यांतली कामाला लागलेली किती, हे. ‘जिंकणाऱ्या तीन घोड्यांची आई’ हे वाक्य चारांपैकी तीन असेल तर मोठं आणि चौदांपैकी तीन असेल तर साधारण. घोडी उत्तम असेल तर भ्रूण दुसऱ्या घोडीच्या पोटात ठेवून वर्षाला अनेक शिंगरं घेतात, त्यामुळे आता हा हिशोब तपासल्याशिवाय धरू नका. पुस्तिकेत पहिली आई म्हणजे घोड्याची सख्खी आई, दुसरी म्हणजे तिची आई, असं मोजतात. पहिल्या आईच्या परिच्छेदात काहीच नसेल आणि मोठी नावं तिसऱ्या-चौथ्या आईपाशी सुरू होत असतील, तर मधल्या दोन पिढ्यांनी काय केलं हा प्रश्न विचारायलाच हवा.

कटिंगचं रक्त असलेला घोडा दोर टाकायच्या कामाला चालेल का?

काही चालतात. पण ज्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली, तसं शरीर बनतं. कटिंगच्या रेषेतले घोडे आखूड, हलके, चटकन पेटणारे असतात. दोराला बांधलेलं जनावर पेलायला वजन आणि जाड हाड लागतं. त्या कामासाठी रँचवरचे लोक अजूनही हॅनकॉक रेषेचं नाव घेतात. या रेषेचा मूळ नर जो हॅनकॉक, त्याच्यात आईकडून पर्शेरॉन या ओढकामाच्या जातीचं रक्त होतं, आणि ते त्याच्या वंशजांच्या हाडापेरात दिसतं. थंडीच्या सकाळी खोगीर चढवलं की उसळतात अशीही त्यांची ख्याती आहे, तेव्हा नवशिक्याने ती लक्षात ठेवावी. रेन्ड काऊ हॉर्ससाठी शायनिंग स्पार्क किंवा स्मार्ट चिक ओलेना यांच्या रेषा बघतात. त्यांत गुरांची जाण आहे आणि घसरत थांबण्याची ताकदही आहे.

एकच नाव कागदावर दोन-तीनदा आलं तर घाबरायचं का?

घाबरू नका, पण मोजा. याला लाइन-ब्रीडिंग म्हणतात. टेक्सासच्या किंग रँचने ओल्ड सॉरेल या 1915 साली जन्मलेल्या एका तांबड्या नराभोवती आपला सगळा घोडकळप असाच बांधला. त्याच्या मुलांना त्याच्याच मुलींशी जुळवत नेलं आणि गुरांवर जे कमी पडले ते बाजूला काढले. त्यातूनच आला विंपी, ओल्ड सॉरेलचा नातू. 1941 मध्ये फोर्ट वर्थच्या प्रदर्शनात तो पहिला आला आणि असोसिएशनच्या वहीत त्याला पहिला क्रमांक मिळाला.

पण किंग रँचकडे शेकडो घोडे होते, रोजचं खरं काम होतं आणि नको ते बाजूला काढण्याची शिस्त होती. त्या शिस्तीवाचून जवळच्या नात्यात फळवत गेलं तर गुणांसोबत दोषही पक्के होतात. पुढचं उत्तर त्याबद्दलच आहे.

वंशावळीतून आजार येतात हे खरं का?

खरं आहे. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पोको ब्वेनोच्या रेषेत हर्डा नावाचा त्वचेचा आजार आहे. त्यात कातडीचे थर एकमेकांना नीट धरून राहत नाहीत. शिंगरू जन्मतः ठणठणीत दिसतं. दोन वर्षांचं झालं, पाठीवर खोगीर चढलं की कातडी सुटते, जखमा होतात आणि त्या नीट भरत नाहीत. इलाज नाही. अशा घोड्यावर स्वार होता येत नाही आणि बहुतेकांना शेवटी दयामरण द्यावं लागतं. आईबाप दोघंही वाहक असतील तर शिंगराला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल तर आजार होत नाही, पण शिंगरू वाहक होऊ शकतं. वर ज्या पोको लेनाबद्दल मी इतक्या आपुलकीने लिहिलं, ती याच पोको ब्वेनोची मुलगी. ज्या रक्ताने गुरांची जाण दिली, त्याच रक्तातून हेही आलं.

बाकीचे आजारही माहीत असू द्या. जीबेड असेल तर शिंगरू मेलेलं जन्मतं किंवा काही आठवड्यांत जातं. पीएसएसएममध्ये स्नायूंत साखर चुकीच्या रीतीने साठते आणि कामानंतर घोडा आखडून जागीच उभा राहतो. एमएच असेल तर भूल देताना जिवावर बेतू शकतं. एचवायपीपी हा स्नायू थरथरण्याचा आजार इम्प्रेसिव्ह या 1969 च्या घोड्यापासून पसरला. तो मुख्यतः देखणेपणाच्या स्पर्धांतल्या घोड्यांत आढळतो. ज्या शिंगरांत याची जनुकं दोन्हीकडून आलेली असतात, त्यांची नोंदणी असोसिएशनने 2007 पासून बंद केली.

या सगळ्यांची तपासणी आयाळीच्या किंवा शेपटीच्या मुळासकट उपटलेल्या केसांवरून होते. खर्च घोड्याच्या किमतीपुढे नगण्य आहे. विकणाऱ्याकडे अहवाल मागा. नसेल तर स्वतः करून घ्या. ‘आमच्या रेषेत असलं काही नाही’ हे तोंडी उत्तर पुरेसं मानू नका. हर्डा किंवा जीबेडचा नुसता वाहक असलेला घोडा स्वारीला उत्तम असतो, त्याला नाकारायचं कारण नाही. फक्त ती घोडी असेल आणि पुढे फळवायची असेल, तर नर तपासलेला आणि निर्दोष हवा.

विजेत्या घोड्याचा क्लोन घेतला तर सगळी चिंता मिटेल का?

नाही. स्मार्ट लिटल लेना आणि रॉयल ब्लू बून या दोघांचेही क्लोन 2006 च्या सुमारास झाले. पण अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन क्लोनची नोंद करत नाही. त्यावर खटला झाला. 2013 मध्ये ज्यूरीने असोसिएशनविरुद्ध कौल दिला, पण 2015 मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. क्लोन पैदाशीसाठी ठेवतात, कामाच्या घोड्यासाठी तो विचार सोडून द्या.

कागदच नसलेला घोडा घ्यावा का?

खच्ची केलेला, आठ-दहा वर्षांचा, रोज गुरांवर जाणारा असेल तर आनंदाने घ्या. त्याचं काम हाच त्याचा कागद. पैदाशीसाठी घोडी हवी असेल तर घेऊ नका. तुम्ही तिच्या शिंगराबद्दल पुढच्या माणसाला काहीच खात्रीने सांगू शकणार नाही.

कागद बघून घेतला आणि पस्तावलो, असं तुमच्या बाबतीत झालं आहे का?

झालं आहे. माझी पहिली घोडी तीन वर्षांची होती. कागद असा की जाणकारांनी वाचताना शीळ घातली. बाप मोठा, आईचा बाप मोठा. मी तिच्यावर दोनदा बसलो, तेही गुरांशिवाय, आणि पैसे दिले. घरी आणून वासरांसमोर नेली तेव्हा ती इतक्या वेगाने वळली की मी खोगिरात राहिलो नाही. घोडीत खोट नव्हती. ती जशी असायला हवी होती तशीच होती, मी तिच्या लायकीचा स्वार नव्हतो. एका वर्षाने ती एका चांगल्या प्रशिक्षकाकडे गेली आणि तिथे रमली. तिला मी वर्षभर नुसती उभी ठेवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून नवशिक्या माणसाने विचारलं की मी सांगतो, सगळ्यात तापट रक्त तुमच्यासाठी नाही. गुरांची जाण बेताची आणि डोकं शांत, असा घोडा तुम्हाला शिकवेल.

घोडा बघायला जाताना काय काय करावं?

कागदावरचा रंग, कपाळावरचा ठिपका, पायाचे पांढरे मोजे समोरच्या घोड्याशी ताडून बघा. मालकाचं नाव विकणाऱ्याचंच आहे ना, ते पाहा. मग कागद घडी करून खिशात ठेवा आणि परत काढू नका.

घोडा गुरांवर चालवून दाखवायला सांगा, आधी त्यांच्या स्वाराखाली, नंतर तुमच्या. वासरू वळल्यावर तो मागच्या पायांवर बसून वळतो की पुढच्यावर रेलतो? चुकल्यावर स्वतः सावरतो की स्वाराची वाट बघतो? काम संपल्यावर श्वास आणि डोकं किती वेळात ठिकाणावर येतं? कटिंगच्या घोड्यांना दुसऱ्या वर्षीच कामाला लावतात आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस फ्युचुरिटी असते, त्यामुळे मागच्या पायांच्या सांध्यांवर फार लवकर ताण येतो. विकणाऱ्याचा नको, आपला पशुवैद्य न्या आणि सांध्यांचे एक्स-रे काढा.

भारतात असे घोडे मिळतील का? सारंगखेड्याला बघावं का?

सारंगखेड्याचा घोडेबाजार जरूर बघा. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा तो बाजार डोळ्यांत साठवण्यासारखा आहे. पण तिथे येणाऱ्या मारवाडी, काठियावाडी घोड्यांची निवड चाल, डौल आणि सहनशक्ती यांसाठी झालेली आहे. आपल्या भीमथडीच्या तट्टांनी मराठ्यांच्या फौजा वाहून नेल्या. आपल्याकडे गुरं पायी राखली जातात, म्हणून गायीला अडवणारा घोडा घडवायची गरजच पडली नाही. तिथे भोवऱ्या बघून घोडा नाकारणारे लोक भेटतील. माझ्या मते आईबाप आणि पाय बघणं त्याहून कितीतरी उपयोगाचं.

बजेट मर्यादित आहे. चांगला कागद असलेलं शिंगरू घ्यावं की साध्या कागदाचा शिकलेला घोडा?

शिकलेला घोडा. शिंगरू स्वस्त दिसतं, पण त्याला दोन वर्षं खाऊ घालून मग प्रशिक्षकाकडे ठेवायचा दरमहा खर्च जोडला की तो हिशोब उलटतो. शिंगराचा कागद काय होऊ शकेल ते सांगतो. शिकलेला घोडा काय करतो, ते तुम्ही त्याच दिवशी दुपारी वासरांसमोर बघून येऊ शकता.